तुलनेसाठी कलाकृती निवडताना

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. इंग्रजीच्या प्रकल्पात दोन कलाकृतींची तुलना करायची आहे. ‘मॅकबेथ’सोबत काय घ्यावं?

उत्तर : विशाल भारद्वाज यांचा २००३ चा ‘मकबूल’ हा चित्रपट जरूर घ्या. तुलनेला समान धागा लागतो. पण गुण मिळतात ते फरकाचं कारण सांगितल्यावर. इथे कथेचा सांगाडा एकच आहे, स्कॉटलंडच्या जागी मुंबईचं गुन्हेगारी जग आहे. शेक्सपिअरच्या तीन चेटकिणींऐवजी दोन पोलीस येतात आणि कुंडली मांडून भविष्य सांगतात. चेटकिणी भाकीत करून निघून जातात. हे पोलीस मात्र स्वतः सूत्रं हलवतात. मग मकबूलच्या पतनाला नशीब किती जबाबदार आणि व्यवस्था किती? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा प्रकल्प उभा राहतो. लेडी मॅकबेथ नायकाची पत्नी आहे, चित्रपटात तिच्या जागी येणारी निम्मी मात्र टोळीप्रमुख अब्बाजींच्या ताब्यातली स्त्री. तिची धडपड आधी स्वतःच्या सुटकेसाठी आहे. हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कथानकाचा सारांश चार ओळींत आटपा. चित्रपटात हिंसा आहे, त्यामुळे आधी तुम्ही पाहा आणि हिंदी चित्रपट चालेल का, हे शिक्षकांना विचारून घ्या.