धातूवरील तडे आणि भोवरा प्रवाह

मडके घेताना ते वाजवून घ्यावे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. डोळ्यांना न दिसणारा तडा कानांना कळतो. आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारीत जाणारे कामगारही याच न्यायाने चाकांची परीक्षा करीत. परंतु विमानाच्या जेमतेम एक मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्यात, रिवेटाच्या डोक्याआड दडलेला केसासारखा तडा वाजवून कसा ओळखावा?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूस निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या छताचा सुमारे 18 फूट लांबीचा भाग 24,000 फूट उंचीवर उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. वैमानिकांनी ते उघडे विमान माउई बेटावर उतरविले, म्हणून इतर 94 जणांचे प्राण वाचले. 19 वर्षांच्या त्या विमानाने 89,680 उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात आतील हवेच्या दाबाने पत्रा ताणला जाई आणि उतरल्यावर सैल पडे. या थकव्याने रिवेटांच्या भोकांशी बारीक तडे पडले व ते एकमेकांस जाऊन मिळाले. विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीने पत्र्यावरील चीर पाहिली होती. पण तिने ती कोणास सांगितली नाही!

असे तडे वेळीच शोधण्याच्या रीतींपैकी एक भोवरा प्रवाहांची आहे. 1831 मध्ये फॅरडे यांनी दाखविले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून ते धातूच्या पत्र्यावर धरले, तर पत्र्यातही नदीतील भोवऱ्यांप्रमाणे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. फूको यांनी 1855 मध्ये त्यांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना फूको प्रवाह असेही नाव आहे. विद्यार्थ्यांना त्यांचा प्रत्यय सहज घेता येईल. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमच्या अखंड पट्टीचा लंबक सोडला, तर तो लगेच मंदावतो. त्याच पट्टीला फणीसारख्या खाचा पाडल्या, की लंबक बराच वेळ झोके घेतो. कारण खाचांनी भोवऱ्यांची वाट तोडलेली असते. आमच्या मते तडा शोधण्याचे सारे तत्त्व या एका प्रयोगात आले. तडा म्हणजे निसर्गाने पाडलेली खाच, आणि ती भोवऱ्यांना अडविते.

पत्र्यातील भोवऱ्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते व ते वेटोळ्याच्या क्षेत्रास विरोध करते. भोवरे अडले की विरोध बदलतो, आणि वेटोळ्याचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण अडथळा, किंचित बदलतो. हे वेटोळे ज्यात बसविलेले असते त्या पेन्सिलीएवढ्या उपकरणास प्रोब म्हणतात. मात्र हात थोडा हलून प्रोब पत्र्यापासून उचलला गेला, तरीही संरोध बदलतो. मग तडा कोणता आणि थरथरता हात कोणता, हे कसे ठरवावे?

येथे गणिती प्रतिकृतीची गरज लागते. सर्वांत साधी प्रतिकृती रोहित्राची होय. प्रोबचे वेटोळे ही पहिली कुंडली आणि धातू ही एकाच वेढ्याची, टोके जोडलेली दुसरी कुंडली, असे मानावे. प्रोब उचलणे म्हणजे दोन कुंडल्यांचा संबंध ढिला होणे. तडा पडणे म्हणजे दुसऱ्या कुंडलीतील वाट लांबणे. संरोधाचे दोन भाग आहेत, एक रोधाचा व दुसरा प्रवर्तनाचा. ते आलेखाच्या कागदावर आडवे-उभे मांडले, तर या दोन कारणांनी बिंदू निरनिराळ्या दिशांना सरकतो. जर्मनीत फ्रीडरिख फोर्स्टर यांनी या मांडणीला मोठी चालना दिली. त्या दोन दिशांमधील कोन कोणत्या कंप्रतेला ठळक होईल, हे गणिताने आधीच काढता येते.

कंप्रतेची निवड दुसऱ्याही कारणाने महत्त्वाची आहे. भोवरे पृष्ठापासून आत जाताना क्षीण होत जातात. ॲल्युमिनियममध्ये 100 किलोहर्ट्झला सुमारे 0.27 मिलीमीटर खोलीवर त्यांची शक्ती पृष्ठावरील शक्तीच्या 37 टक्के उरते. 900 हर्ट्झला ही खोली सुमारे 3 मिलीमीटर असते. कंप्रता चौपट केली की खोली निम्मी होते.

रोहित्राची प्रतिकृती दिशा दाखविते, पण मापे देत नाही. 1968 मध्ये अमेरिकेत डॉड व डीड्स यांनी अखंड धातूवरील वेटोळ्याचे पूर्ण गणित प्रसिद्ध केले. तडा असलेल्या धातूचे गणित त्याहून अवघड असते. ते बहुधा धातूचे लहान लहान भाग कल्पून संगणकावर सोडवितात. अशी उत्तरे पडताळण्यासाठी 1988 मध्ये बर्क यांनी एक कसोटी मांडली. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यात 12.6 मिलीमीटर लांब, 5 मिलीमीटर खोल व 0.28 मिलीमीटर रुंद खाच. तिच्यावरून 900 हर्ट्झला वेटोळे सरकवायचे. गंमत अशी की, वेटोळ्याचा मध्य खाचेच्या नेमका मध्यावर असता खूण सर्वांत मोठी येत नाही. थोडे बाजूस सरकल्यावर ती वाढते. वेटोळ्याच्या मध्याखाली भोवरे जवळजवळ नसतात, मग खाच अडविणार काय? प्रतिकृतीने ही खोबण बरोबर दाखविली, तरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

प्रत्यक्ष कामापूर्वी तंत्रज्ञ 0.2, 0.5 व 1 मिलीमीटर खोल खाचा असलेल्या ठोकळ्यावर प्रोब फिरवून उपकरण जुळवितात. परंतु ठोकळ्यावरील खाचेच्या भिंती एकमेकींपासून दूर असतात; खऱ्या तड्याच्या भिंती कित्येकदा एकमेकींना टेकतात आणि टेकलेल्या जागांतून थोडा प्रवाह पलीकडे निसटतो. त्यामुळे खोल तडाही उपकरणाला उथळ भासतो. सध्याच्या प्रतिकृतींत तड्याच्या भिंतींमधून होणारी ही गळतीही धरावी लागते, आणि ती किती धरावी हे त्या त्या धातूवर व त्यावरील ताणावर अवलंबून असते.