वृद्धाश्रमाची पारख : भाच्यास पत्र

आमगाव, जिल्हा गोंदिया
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र आणि सोबतची दोन्ही माहितीपत्रके पोचली. नागपूरच्या संस्थेच्या माहितीपत्रकावर कारंजे आहे, हिरवळ आहे आणि त्या हिरवळीवर हसत बसलेली, बहुधा छायाचित्रापुरतीच आणून बसवलेली, दोन वृद्ध जोडपी आहेत. गोंदियाकडच्या संस्थेने एका कागदावर दर, नियम आणि दूरध्वनी क्रमांक छापून आपले कर्तव्य संपवले आहे. तू पहिलीकडे झुकला आहेस, हे तुझ्या प्रश्नांवरूनच उमगते. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, वृद्धाश्रमात ठेवावे की नाही, हा वाद मी येथे उकरून काढत नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्यापासून एकटे राहणे आता होत नाही हे तिने आपल्या तोंडाने सांगितले आहे, आणि पुण्यास तुझ्या अकराव्या मजल्यावर दिवसभर भिंतींकडे पाहत बसण्यापेक्षा चार समवयस्कांत राहणे बरे, हाही तिचाच कौल आहे. तेव्हा नातलगांपैकी ज्यांना बोलायचे असेल त्यांना बोलू दे. त्यांतला एकही तिला रात्री पाणी द्यायला उठणार नाही.

माझी उभी नोकरी वसतिगृहांच्या तपासणीत गेली, आणि तीत जे शिकलो त्याचे सार इतकेच, की तपासणीची तारीख आधी कळलेली संस्था त्या दिवशी नेहमीच उत्तम असते. चादरी पांढऱ्याशुभ्र होतात, दप्तर अद्ययावत होते, वरणातली डाळ दाट होते. म्हणून वृद्धाश्रम पाहायला जाताना कळवून एकदा आणि न कळवता दोनदा जावे, आणि न कळवता जाताना वेळ अशी निवडावी की जेव्हा संस्थेला पाहुण्यांची अपेक्षा नसते: सकाळच्या चहापूर्वीची, किंवा रात्रीच्या जेवणाची. आणि गेल्यावर कार्यालय, प्रार्थनागृह, देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक या सर्वांस नमस्कार करून थेट विचारावे, की या घरात अंथरुणाला खिळलेली, जिच्याकडे कोणीही येत नाही अशी बाई कोणती खोली वापरते. तिची खाट पाहावी. ताईला उद्या मिळणारी खोली माहितीपत्रकात दिसते. पण आणखी काही वर्षांनी, पाय गेल्यावर आणि स्मृती गेल्यावर, तिची काय अवस्था होईल ते त्या खाटेवर दिसते, आणि तू जे मूल्य देणार आहेस ते मुख्यत्वे त्या काळासाठीच आहे.

मी दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. नागपूरच्या घरी अशी खोली दाखवायला प्रथम टाळाटाळ झाली, मग 'आत्ता स्पंजिंग चालू आहे' असे सांगण्यात आले, आणि अखेर दार उघडले तेव्हा पाण्याचा पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला दिसला, जेथे त्या माउलीचा हात कोणत्याही उपायाने पोचला नसता. तिच्या ओठांना पापुद्रे सुटले होते. नखे वाढलेली, टाचांखाली काही आधार नाही, आणि घंटेची दोरी, कोणाला कटकट नको म्हणून असावी, खाटेच्या डोक्याकडच्या गजाला वर गुंडाळून बांधलेली. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला शय्याव्रणे पडतात, आणि ती एकदा चिघळली की हवेची गादी आणूनही लवकर भरत नाहीत. कूस बदलल्याची नोंद कोठे ठेवता, असे विचारताच तेथील व्यवस्थापकांनी माझ्याकडे विस्मयाने पाहिले. औषधांचा तक्ता मात्र भिंतीवर होता, आणि अत्यंत नीटनेटका होता. दुर्दैव इतकेच, की मी दुपारी चारला उभा असताना रात्री नऊच्या गोळीपुढे सही होऊन चुकली होती. बाळ, त्या एका सहीने मला जे सांगितले ते कारंज्याने सांगितले नसते.

गोंदियाकडच्या घरात भिंतींचा रंग उडालेला आहे आणि बागेच्या नावाने चार जास्वंदी आहेत. परंतु दाराशी ठेवलेल्या चपला झिजलेल्या आणि धुळीने माखलेल्या होत्या, म्हणजे माणसे बाहेर हिंडत होती. आणि अंथरुणावरच्या आजीजवळ बसलेली मावशी तिला भात कालवून भरवताना तिच्याशी आपल्या झाडीबोलीतून बोलत होती. याला क्षुल्लक समजू नकोस. स्मृतिभ्रंशाचा आजार बळावला की मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईकडून मिळालेली बोली अखेरपर्यंत उरते, असे पुष्कळदा दिसते. ताईच्या पोटात दुखते की नुसती भूक लागली आहे, हे तेव्हा प्रमाण मराठीत विचारणाऱ्याला कळेलच याचा भरवसा नाही. त्या मावशीला मी विचारले, येथे किती वर्षे झाली? आठ, म्हणाली. नागपुरास ज्या तिघींना हाच प्रश्न केला, त्यांतल्या एकीलाही वर्ष पुरे झालेले नव्हते. पगार वेळेवर होतो का, हेही त्यांनाच एकीकडे नेऊन विचारावे. ज्या घरात सेविका टिकत नाहीत तेथे वृद्ध टिकतात, पण कसे, ते न बोललेले बरे.

जेवणाचे ताट चाखून पाहावेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन जेवणांमधले अंतर मोजावे. स्वयंपाकिणीला लवकर घरी जाता यावे म्हणून संध्याकाळी सहालाच पंगत उठवायची आणि दुसऱ्या दिवशी नऊला नाश्ता द्यायचा, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी असतो. म्हणजे पंधरा तास पोट रिकामे. ताई मधुमेहाची गोळी घेते. पहाटे तिची साखर उतरून ती शौचालयाच्या वाटेवर कोसळली, तर दोष नशिबाला देण्यात येईल. त्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, न्हाणीतली फरशी ओली असताना घसरते का, भिंतीला धरायला दांडा आहे का, आणि उतार असल्यास तो एकास बारा या प्रमाणाहून तीव्र तर नाही ना, हे सारे आपल्या पायांनी तपासावे.

आता रात्रीविषयी. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, म्हणून प्रत्येक खिडकीत कूलर बसवलेला असतो. त्या खिडकीला आधीच लोखंडी गज असतात. आणि चोरांच्या भयाने व एखादा भ्रमिष्ट वृद्ध रात्री निघून जाईल या धास्तीने मुख्य दाराला कुलूप घालून किल्ली रखवालदाराच्या कंबरेला असते. या तिन्ही गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी आहेत, आणि आग लागली असता तिन्ही मिळून घराचा पिंजरा करतात. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली, ते भंडारा आपल्यापासून काही दूर नाही. ज्यांना स्वतः उठून पळता येत नाही, त्यांच्या बाबतीत तान्हे मूल आणि पंगू वृद्ध यांत भेद नसतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते. ते मागून पाहा. आणि नंतर, सौजन्याने, रात्री बारा वाजता किती माणसे जागी असतात ते विचार. 'झोपलेली पण हाक मारली की उठणारी' हा वर्ग त्यात धरू नकोस.

इंग्लंडात अशा घरांची तपासणी करणारा स्वतंत्र आयोग आहे. घर सुरक्षित आहे का, तेथील सेवेचा गुण येतो का, तेथे माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ते वागते का आणि त्याचा कारभार नीट चालतो का, असे पाच प्रश्न विचारून तो अहवाल जाहीर करतो, आणि अहवाल कोणासही वाचता येतो. आपल्याकडे 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार वृद्धांसाठी, आश्रम शासनाला टप्प्याटप्प्याने काढता येईल असे म्हटले आहे. परंतु खासगी घराची पारख करण्याचे ओझे अखेर तुझ्यामाझ्यावरच येऊन पडते. निदान संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असल्यास तिची नोंदणी, विश्वस्तांची नावे आणि लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहता येतात. तेवढी तसदी घे. 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा क्रमांकही ताईच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

आमच्या पिढीतले लोक पैशाच्या गोष्टी लाजून बोलत नाहीत, आणि मग पस्तावतात. करारनाम्यात अनामत रक्कम परत मिळण्याची अट आणि मुदत असली पाहिजे. माणूस अंथरुणाला खिळल्यावर संस्था त्याला ठेवील की घरी पाठवील, हे तर असलेच पाहिजे, कारण 'फक्त हिंडते-फिरते' घेणारी घरे नेमक्या अवघड वेळी निरोप देतात. रुग्णालयात कोण नेईल, कोणत्या, आणि रात्र तेथे कोण काढील? ताईच्या पेन्शनचे पासबुक आणि एटीएम कार्ड संस्थेच्या कपाटात जाऊ देऊ नकोस. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, तो या महिन्यात मी तिच्यासोबत जाऊन देईन. घराचे बक्षीसपत्र संस्थेच्या नावे तर नकोच, आणि, रागावू नकोस, तुझ्याही नावे आत्ता नको. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, त्याच अधिनियमाच्या कलम 23 खाली परत मिळवता येते, हे खरे. पण ताईने या वयात प्रांताच्या कचेरीत तारखांना उभे राहावे, असे मला वाटत नाही.

आपल्या आमगावाजवळचे पद्मपूर ही भवभूतीची जन्मभूमी मानली जाते, आणि करुण हाच मुख्य रस मानणाऱ्या त्या कवीचा अभिमान आम्हां सर्वांस आहे. तथापि वृद्धाश्रम करुणेने सुरू होतात आणि हजेरीपटाने चालतात, हे ध्यानी ठेवून मी माझा निर्णय सांगतो. नागपूरला माझा नकार आहे. तेथे तू महिन्यातून एकदा पोचशील, तेही दूरध्वनी करून. आणि अवचित येणाऱ्या आप्तांखेरीज त्या घराला धाक कसला? गोंदिया गाडीने अर्ध्या तासावर आहे, मी आठवड्याला जाऊ शकतो, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ताईला दोन दिवस आमगावला पाठवाल का, असे विचारले तेव्हा तेथील बाईंनी नियम न दाखवता 'औषधे बांधून देते' असे उत्तर दिले. तरी त्या घरीही प्रथम महिनाभर राहून पाहावे, आणि तेथेच राहायचे की नाही हे ताईने ठरवावे, आपण नव्हे. रात्री तेथे एकच सेविका जागी असते, ती दोन झाल्या पाहिजेत. लागल्यास त्यासाठी दरमहा थोडे अधिक देण्याची तयारी ठेव. अग्निशमनाचे प्रमाणपत्र त्यांनी अद्याप दाखवलेले नाही. ते, आणि करारनाम्याचा कोरा मसुदा, मागवून माझ्याकडे पाठव. दोन्ही वाचून झाल्याशिवाय अनामतीचा एक रुपयाही धाडू नकोस.

तुझा
मामा