वृद्धाश्रमातील ज्येष्ठांच्या आरोग्याच्या गरजा : पाहणी, नोंद आणि आधार

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की प्रसूतिगृह किंवा छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही या शब्दाचा रोख तिकडेच आहे. वृद्ध माणसे जिथे कायमची राहतात आणि रोजच्या कामात ज्यांना मदत लागते, त्या जागेला आपण वृद्धाश्रम म्हणतो. रुग्णालयात माणूस एका आजारासाठी चार-आठ दिवस येतो. वृद्धाश्रमात तो उरलेले आयुष्य घेऊन येतो. म्हणून इथली आरोग्य-पाहणी वेगळी असते. सभासदांसाठी आणि परिचर्या व समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिची मांडणी या पाठात केली आहे.

१. म्हातारपण हे रोगाचे नाव नव्हे

आजी जेवत नाहीत, बाबा असंबद्ध बोलतात, कुणी अंथरुणात लघवी करते. या सगळ्याला "वय झाले" हे एकच उत्तर दिले जाते आणि तिथेच उपचार थांबतो. इंग्लंडमधील डॉक्टर मार्जरी वॉरेन यांच्याकडे १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाशी जोडलेल्या एका निर्धनगृहातील (वर्कहाऊस) सातशेहून अधिक रुग्ण सोपविण्यात आले. बहुतेक वृद्ध, अनेक वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून असलेले. त्यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली, गरजेप्रमाणे गट पाडले, व्यायाम व उपचार दिले. पुष्कळ जण उठून चालू लागले, काही घरी परतले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची सुरुवात अशी एकेका माणसाकडे नीट पाहण्यातून झाली.

कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज एकाएकी गोंधळली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, रक्तातील साखर उतरणे किंवा नवे औषध यांपैकी काहीही कारण असू शकते. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उशीर जिवावर बेतू शकतो.

२. पहिली पाहणी

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. त्यांनी प्रथम विचारपूस केली : आजार काय, सेवा करणारे कुणी आहे का, नसल्यास का नाही. मग आनंदाकडून पाणी मागवून दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. आधी विचारणे, मग हात लावणे, हा क्रम आजही तोच आहे.

व्यक्ती दाखल झाल्यावर पहिल्या काही दिवसांत पुढील नोंदी कराव्यात.

(अ) आयुष्यभराचे काम : नवी मुंबईत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहिलेल्या माथाडीचे गुडघे आणि पाठ, दगडखाणीत राबलेल्या बाईची छाती, साफसफाई कामगाराची त्वचा, यांचा इतिहास कामातच सापडतो.

(आ) रोजची सहा कामे : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. डॉ. कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही यादी जगभर वापरली जाते. प्रत्येकापुढे 'स्वतः करतात' की 'मदत लागते' एवढे लिहावे.

(इ) शरीर : वजन, साखर, दृष्टी, श्रवण, दात, पावले. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचा धोका आहे.

(ई) मन : झोप, स्मरण, कशात रस उरला आहे. पती किंवा पत्नी अलीकडे गेली आहे का, मुले भेटतात का, हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत.

(उ) औषधे : पिशवीतील सर्व गोळ्या, काढे, चूर्णे टेबलावर काढून लिहून घ्यावीत. दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचे इथे उघड होते.

ही पहिली नोंद म्हणजे त्या व्यक्तीचे स्वतःचे माप. पुढचा प्रत्येक बदल या मापाशी ताडून पाहायचा असतो.

३. पाहणीपासून आधारापर्यंत

नुसती वही भरून कुणाचे दुखणे कमी होत नाही. प्रत्येक गरजेपुढे काय करायचे, कोणी करायचे आणि पुन्हा केव्हा पाहायचे, हे तीन रकाने हवेत.

समजा, ७६ वर्षांचे एक निवृत्त माथाडी बाबा आले. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, ऐकू कमी येते, रात्री तीन वेळा लघवीला उठतात. आधाराची योजना अशी होईल : खाट शौचालयाजवळ, वाटेत रात्रीचा दिवा, भिंतीला धरायला दांडी. वारंवार लघवीबद्दल डॉक्टरांचा सल्ला. दिवसाचे पाणी मात्र तोडायचे नाही. कानात मळ आहे का ते आधी पाहायचे, मग यंत्राचा विचार. पावले रोज रात्री तळव्यापर्यंत तपासायची, कारण मधुमेहात बधिर पायाची जखम दुखत नाही. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धांनाही हीच काळजी लागते. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा आणि वृद्धाश्रम दोन्ही आहेत. बाबांचे वजन ५२ वरून महिन्यात ४९ किलो झाले, तर ती घट ५ टक्क्यांहून जास्त आहे आणि तिचे कारण शोधलेच पाहिजे.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहाव्यात. दाबल्यावरही न जाणारा लालपणा ही शय्याव्रणाची सुरुवात असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी.

असे बदल सर्वप्रथम आंघोळ घालणाऱ्या मावशींना दिसतात. त्यांना लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे, दुसऱ्याने लिहावे. पाळी बदलताना दहा मिनिटांचे तोंडी निवेदन व्हावे.

४. कायदा व सोयी

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याला किमान एक, १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, असेही त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले आहे. दाखल करतानाच हे कार्ड आहे का ते पाहावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

५. सेवकाचे गुण

वरील प्रसंगाबरोबरच महावग्गात सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-अपथ्य कळावे. सेवा लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस नसावी. आणि रुग्णाला धीर देणारे बोलता यावे. रुग्णाकडूनही एक अपेक्षा आहे : दुखणे वाढले, कमी झाले की तसेच आहे, ते त्याने खरे सांगावे. पण माणूस खरे केव्हा सांगतो? ऐकणारा रागावणार नाही, आपली लाज राखील, अशी खात्री असेल तेव्हा. म्हणून कपडे बदलताना पडदा ओढणे, तपासण्यापूर्वी विचारणे, नावाने हाक मारणे यांना शिष्टाचार समजू नये. या गोष्टींवाचून कोणतीही पाहणी खरी होत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीची, तिच्या संमतीने, सहा कामांची नोंद करा.
२. एकाएकी आलेल्या गोंधळाची चार कारणे सांगा.
३. रक्तदाब दोनदा का मोजावा?
४. आपल्या वस्तीतील ज्येष्ठांनी आयुष्यभर कोणती कामे केली आणि त्यातून कोणती दुखणी आली, यावर गटात चर्चा करा.