एका रुळावरची गाडी

भोवरा सर्वांच्या ओळखीचा आहे. आपल्या वऱ्हाडात त्याला भवरा म्हणतात. दोरी गुंडाळून फेकला की तो आरेवर उभा राहतो आणि गरगर फिरतो. वेग कमी झाला की डुलू लागतो. शेवटी आडवा होतो. आता तोच भवरा न फिरवता आरेवर उभा करून पाहा. क्षणभरही टिकत नाही. लाकूड तेच, आर तीच. फरक फक्त फिरण्याचा.

"फिरतो म्हणून पडत नाही, हे दिसतेच आहे. पण काहून पडत नाही, ते सांगा ना!" असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. त्यासाठी एक प्रयोग करू या.

सायकलचे पुढचे चाक काढून घ्या. आसाची दोन टोके दोन हातांत घट्ट धरा. चाक उभे ठेवा. आता दुसऱ्या माणसाला ते जोराने फिरवायला सांगा. बोटे तारांत जाऊ देऊ नका, नाहीतर प्रयोग महागात पडेल. चाक भरात आले की आस उजवीकडे किंवा डावीकडे झुकवून पाहा. चाक ऐकत नाही. हातात वळवळते. तुम्ही झुकवता एकीकडे, ते वळते भलतीकडे. चाक थांबवून पुन्हा झुकवा. आता ते मुकाट्याने झुकते.

यातून दोन गोष्टी कळतात. जोराने फिरणारी जड वस्तू आपल्या आसाची दिशा सहज सोडत नाही. आणि फारच जोर केला, तर ती जोराच्या दिशेने न जाता त्याच्या आडव्या दिशेला वळते. भवऱ्याचे वजन त्याला खाली ओढते. पण तो खाली न जाता बाजूला सरकतो, पुन्हा बाजूला सरकतो, आणि असे डुलत डुलत गोल फिरतो. वेग सरला की मग वजनाचे चालते.

चौकटीत बसवलेल्या अशा फिरत्या चाकाला गायरोस्कोप म्हणतात. शब्द अवघड आहे. आम्ही त्याला भवराच म्हणू.

आता जरा रेल्वेकडे वळू. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जात होता. तीच आपली शकुंतला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने ती कापसासाठी बांधली. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती बंद आहे. तिच्या दोन रुळांमध्ये अंतर होते फक्त अडीच फूट. मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाईनवर तेच अंतर साडेपाच फूट आहे. रूळ जवळ असले की जमीन कमी लागते, मातीकाम कमी लागते, खर्च वाचतो. म्हणून कापसाच्या मुलखात लहान गाडी आली.

त्याच काळात लुई ब्रेनन नावाच्या एका कारागिराच्या मनात आले, की रूळ दोन तरी कशाला? एकच टाकू! हा माणूस आयर्लंडात जन्मला, ऑस्ट्रेलियात वाढला आणि पुढे इंग्लंडात राहिला. पण एका रुळावर गाडी उभी कशी राहणार? त्याने गाडीत दोन मोठे भवरे बसवले. एकेक साडेतीन फूट व्यासाचा. मिनिटाला 3000 फेरे घेणारा. हवेने अडू नयेत म्हणून ते हवा काढून घेतलेल्या पेटीत फिरत. एक या अंगाने फिरे, तर दुसरा त्या अंगाने, म्हणजे वळणावर गाडी बिघडू नये.

नुसते भवरे ठेवून मात्र भागले नसते. गाडी उजवीकडे झुकू लागली की भवऱ्यांचे आस बाजूला वळत. लगेच एक यंत्र त्या आसांना त्याच बाजूला आणखी रेटा देई. तो रेटा आडवा होऊन गाडीला डावीकडे ढकली आणि गाडी सरळ होई. यात एक गंमत होती. माणसे एका बाजूला जमली की ती बाजू खाली जाण्याऐवजी वर उचलली जाई!

या कामाला लंडनच्या इंडिया ऑफिसने आणि काश्मीर दरबाराने पैसे दिले होते. म्हणजे पैसा आपल्या देशाचाही होता. 1909 च्या नोव्हेंबरात इंग्लंडातल्या जिलिंगहॅम गावी 22 टनांची ती गाडी 32 माणसे घेऊन एका रुळावर धावली. 1910 साली लंडनच्या प्रदर्शनात पुष्कळ लोक तीत बसले.

तरी ती गाडी पुढे कुणी घेतली नाही. प्रत्येक डब्याला वेगळे भवरे हवेत. शिवाय मनात भीती, की भवरे थांबले तर? आमच्या मते ही भीती अगदीच वावगी नव्हती. दोन रुळांवरची गाडी इंजिन बंद पडले तर उभी राहते. ही आडवी झाली असती.

काही लोक म्हणतात, सायकलही चाकांच्या भवऱ्यामुळेच उभी राहते. ते अर्धेच खरे आहे. 2011 साली हॉलंड आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी एक लहानशी सायकल बनवली. तिच्या चाकांवर उलटी फिरणारी चाके लावून भवऱ्याचा जोर मारून टाकला. तरी ती माणसाशिवाय सरळ चालली. सायकल ज्या बाजूला पडू लागते, त्या बाजूला हँडल वळते. मग चाके पडत्या वजनाच्या खाली येतात. तोल राहतो. नवशिका घाबरून हँडल उलट वळवतो आणि धपकन पडतो, ते याचमुळे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची तर गोष्टच वेगळी. तिची चाके इतकी सावकाश फिरतात की त्यांच्या जोराचा तोलाला काही उपयोग नाही. कापूस ट्रॉलीत उंच रचला की वजनाचा मध्य वर जातो. धुऱ्यावर एक चाक चढले आणि त्या मध्यापासून सोडलेला ओळंबा चाकांच्या बाहेर पडला, की ट्रॉली उलटते. तेवढाच माल पसरून, खाली दाबून भरला तर तोच ओळंबा चाकांच्या आत राहतो आणि त्याच धुऱ्यावरून ट्रॉली निघून जाते.