'नाशवंत' : अर्थ, प्रतिशब्द आणि व्यवहारातील उपयोग

७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळील देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल रवाना झाली. फळे, भाजीपाला यांसारखा नाशवंत माल दूरच्या बाजारपेठेत वेळेवर पोहोचावा, हा तिचा हेतू होता. 'नाशवंत' हा शब्द अशा बातम्यांत आणि मालवाहतुकीच्या कागदपत्रांत वारंवार आढळतो. स्वयंपाकघरात मात्र तो सहसा ऐकू येत नाही. 'दूध नाशवंत झाले' असे कोणी म्हणत नाही. दूध 'नासले' असेच म्हटले जाते.

शब्दाची घडण

'नाश' या नामाला 'वंत' हा प्रत्यय लागून हे विशेषण तयार झाले आहे. ज्याच्या अंगी गुण तो गुणवंत, त्याचप्रमाणे ज्याच्या ठायी नाश आहे ते नाशवंत. म्हणजेच हा शब्द वस्तूचा स्वभाव सांगतो, तिची आजची अवस्था नव्हे. सकाळीच वेलीवरून उतरवलेला द्राक्षांचा टवटवीत घडही नाशवंतच असतो.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. समजा, इंदूरच्या एका व्यापाऱ्याने नागपूरहून संत्री मागवली आणि त्यातील निम्मी खराब निघाली. त्याने पत्रात 'पेट्यांत नाशवंत माल निघाला' असे लिहिले, तर ती तक्रारच होत नाही. संत्री नाशवंत असतातच. 'नासलेला माल निघाला' असे लिहिले तरच त्याला भरपाई मागता येईल.

नाशवंतपणातही कमीअधिकपणा असतो. उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत काही महिने टिकतो, तर खरिपाचा कांदा साठवणुकीत फार काळ तग धरत नाही. म्हणून व्यवहारात 'नाशवंत'चा विरुद्धार्थी शब्द 'टिकाऊ' असा घेतात.

प्रतिशब्द

नश्वर, विनाशी, अशाश्वत, क्षणभंगुर हे 'नाशवंत'चे प्रतिशब्द होत. संतवाङ्मयात 'नाशिवंत' हे रूपही येते, विशेषतः देहाच्या संदर्भात. परंतु प्रतिशब्द सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. देह नश्वर, वैभव अशाश्वत, सुख क्षणभंगुर. 'नश्वर टोमॅटो' म्हटले तर ऐकणाऱ्याला हसूच येईल. उलट 'नाशवंत' हा शब्द देहालाही चालतो आणि टोमॅटोलाही.

घरातील बोली

'खराब होणे' हा शब्दप्रयोग सर्वत्र चालतो, पण त्याने काय बिघडले ते नेमके कळत नाही. मराठी बोलणारा माणूस प्रत्येक पदार्थासाठी वेगळे क्रियापद वापरतो. दूध नासते, वरण, आमटी विटते, भात आंबतो. खोबरे, शेंगदाणे आणि तेल खवट होते. भाकरीला बुरशी येते, पिठाला जाळी धरते, डाळ किडते, बटाट्याला मोड येतात. पापड दमट हवेत सादळतात. ते खाण्याजोगे असतात, केवळ कुरकुरीतपणा गेलेला असतो. 'विटलेली आमटी' ऐकताच ती टाकून द्यावयाची हे घरातल्या सर्वांना कळते; 'शिळी आमटी' मात्र तापवून खाता येते. शिळे म्हणजे आधीचे, बिघडलेले नव्हे.

काही वेळा हा बिघाड मुद्दाम घडवून आणला जातो. पनीर करण्यासाठी लिंबू पिळून दूध नासवतात, इडलीचे पीठ आंबवतात, शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात घालतात.

'नाशवंत' हे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही : नाशवंत फळ, नाशवंत भाजी, नाशवंत पदार्थ. 'नासका' मात्र बदलते : नासका आंबा, नासकी केळी, नासके फळ. 'एक नासका आंबा सगळी आढी नासवतो' ही म्हण वाईट संगतीविषयी असली, तरी आंबे पिकविणाऱ्यांना ती शब्दशः पटलेली असते.

अर्थविस्तार

हीच क्रियापदे पुढे माणसांना लागू झाली. एकाच कामाला मन विटते, दिवसभराच्या श्रमाने अंग आंबते, कोणी कुजकट बोलतो, एखादा म्हातारा खवट असतो. 'नाशवंत' या शब्दाला असा विस्तार फारसा लाभला नाही. तो पोथीत आणि पावतीतच अधिक रमला.

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य शब्द निवडा : रात्रभर उघड्यावर राहिलेले पापड ......... (विटले / सादळले / नासले).

२. 'ही केळी नाशवंत आहेत' आणि 'ही केळी नासकी आहेत' या वाक्यांच्या अर्थांतील फरक स्पष्ट करा.

३. तुमच्या परिसरातील भाषेत दूध, भात आणि तेल बिघडल्यास कोणते शब्द वापरतात? मराठी शब्दांशी त्यांची तुलना करा.