मागच्या चाकांचे वंगण

मंडळींनो, या सदरात आपण रक्तदाबापासून निवृत्तीच्या पुंजीपर्यंत सर्व काही वाचतो. आज गाडीच्या प्रकृतीबद्दल, म्हणजे पर्यायाने खिशाबद्दलच, चार शब्द लिहितो. ज्यांची गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालते, त्यांना हा प्रश्न येणार नाही. पण मुलाने हौसेने घेतलेली जुनी मस्टँग किंवा सामान वाहायला घेतलेली पिकअप दारात असेल, तर पुढचे जरूर वाचा.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलची अडचण बर्फात कळते. एक चाक घसरले की तेच गरगर फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ च्या गाड्यांत ते दिले. त्याच्या नेहमीच्या प्रकारात क्लचसारख्या चकत्या असतात. त्या दोन्ही चाकांना काही प्रमाणात एकत्र बांधून ठेवतात.

या चकत्या गिअर ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, आणि खरी मेख इथेच आहे. दात्यांची झीज होऊ नये, चकत्यांनी एकमेकींना धरावे, पण वळताना अलगद सोडावेही, एवढी सगळी कामे एकाच तेलाने करायची असतात. म्हणून तेल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दर्जा. डब्यावर एपीआय जीएल-५ असे लिहिलेले हवे. मागच्या डिफरन्शियलच्या दात्यांवर फार दाब येतो. जीएल-४ त्याला पुरत नाही.

दुसरी, दाटपणा. ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-१४०, हे गाडीचे मॅन्युअल सांगते. हे आकडे पाहून इंजिन ऑइलशी तुलना करू नये. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे.

तिसरी, फ्रिक्शन मॉडिफायर. ही छोट्या बाटलीत मिळणारी पुरवणी चकत्यांना अलगद सरकू देते. काही तेलांत ती आधीच मिसळलेली असते, आणि तसे डब्यावर लिहिलेले असते. फोर्डच्या अनेक ट्रॅक्शन-लॉक डिफरन्शियलना ती लागते. उलट, जनरल मोटर्सच्या पिकअपमधील जी-८० या लॉकिंग डिफरन्शियलमध्ये ती घालू नये. आणि भाजीत मीठ घालावे तसे अंदाजाने तर मुळीच ओतू नये. जास्त झाली तर चकत्यांची पकड सुटते, आणि लिमिटेड स्लिपसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

माझ्या एका मित्राच्या जुन्या पिकअपमधून पार्किंगमध्ये हळू वळताना मागून गुरगुरल्यासारखा आवाज येई. गॅरेजवाल्याने डिफरन्शियल पूर्ण उघडून चकत्या बदलण्याचा सल्ला दिला. खर्च हजार डॉलरच्या वर. मी त्याला आधी मॅन्युअलप्रमाणे तेल आणि मॉडिफायर बदलून पाहायला सांगितले. तेल बदलून त्याने मोकळ्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दहा-बारा फेऱ्या हळूहळू मारल्या. आवाज थांबला. दरवेळी असेच होईल असे नाही. चकत्या खरोखर झिजल्या असतील तर तेलाने त्या नव्या होत नाहीत. पण स्वस्त उपाय आधी करून पाहावा.

आपल्या गाडीत नक्की काय आहे ते ओळखायचे कसे? फोर्डमध्ये चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर अॅक्सलचा कोड असतो. तो डीलरला दाखवला की उत्तर मिळते. एक इशारा मात्र काळजीपूर्वक वाचा. एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गाडी गिअरमध्ये टाकू नका. लिमिटेड स्लिप असेल तर जमिनीवरचे चाकही जोर लावते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. जीव जाऊ शकतो.

स्वतः तेल बदलणाऱ्यांनी भरायचे बूच आधी सैल करून पाहावे. जुने तेल काढून टाकल्यावर ते गंजून बसलेले आढळले, तर गाडी जागीच अडकते. चुंबकाच्या बुचावर राखाडी, मऊ लगदा दिसला तर घाबरू नये; धातूचे तुकडे दिसले तर मात्र मेकॅनिक गाठावा. दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही चकत्या घासत राहतात.

जुने तेल गटारात ओतू नका. सुट्या भागांची अनेक दुकाने ते परत घेतात. आणि शंका असेल तर मंडळाच्या पिकनिकला मॅन्युअल घेऊन या. भेळ खाता खाता पाहू.