*पिकअपचा क्लच दबून राहतोय? आधी एअर काढून बघा*



आजचा सल्ला फवारणीचा नाही, गाडीचा आहे. तोडणी सुरू आहे आणि माल रात्रीच भरून निघतो. टोमॅटो नारायणगावला असो की भाजी माळशेज उतरून वाशीला, क्लच घाटात गेला तर माल वेळेत पोचत नाही आणि भरलेली गाडी चढावर उभी राहिली की जिवालाही धोका. म्हणून हा संदेश शेवटपर्यंत वाचा आणि गाडी चालवणाऱ्यालाही वाचायला द्या.

*आधी ओळखा, दुखणं कोणतं*

१) पेडल मऊ लागतं, खाली जातं, गिअर टाकताना खरखर होते (रिव्हर्सला जास्त), पण दोन-तीनदा पेडल मारलं की गिअर पडतो. अशा वेळी लाईनमध्ये एअर असण्याची शक्यता जास्त.
२) इंजिन जोरात फिरतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. ही एअर नाही, क्लच प्लेट घसरतेय. मेकॅनिककडे न्या.
३) तुमच्या गाडीला क्लचची केबल असेल तर एअरचा प्रश्नच नाही. केबल आणि तिचं सेटिंग तपासा.

*एअरने क्लच का जातो?*

विहिरीवरच्या मोटारीने एअर घेतली की ती नुसती फिरते, पाणी उचलत नाही. इथेही तसंच. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाईपमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि स्लेव्ह क्लच सोडवतो. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर पूर्ण पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, क्लच अर्धाच सुटतो.

*लागणारं सामान*

– झाकणावर लिहिलेलंच ब्रेक-क्लच ऑइल (बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४), *नवीन सीलबंद डब्यातलं*. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका.
– निपलला बसेल तो रिंग पाना.
– मोटारसायकलची पारदर्शक पेट्रोल नळी, हातभर.
– एक स्वच्छ रिकामी बाटली आणि सोबत एक माणूस.

⚠️ इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल चुकूनही टाकू नका. आतले रबर फुगतात, मग किट बदलूनच सुटका.

*पद्धत*

१) गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.
२) ऑइलच्या टाकीचं झाकण पुसून मगच उघडा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा.
३) स्लेव्हवरच्या निपलची रबरी टोपी काढून निपल पुसा. आधी पाना चढवा, मग नळी. बाटलीत थोडं ऑइल घेऊन नळीचं दुसरं टोक त्यात *बुडवून* ठेवा.
४) सोबत्याला सांगा, "दाब." त्याने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून *धरून ठेवायचं*.
५) तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा. ऑइलबरोबर बुडबुडे येतील.
६) *आधी निपल बंद, मग "सोड".* उलटं केलं तर बाहेरची हवा परत आत जाते. सगळी मेहनत या एका गोष्टीवर आहे.
७) दोन-चार सेकंद थांबून पुन्हा तेच करा. भराभर पेडल मारू नका, बुडबुड्याचा फेस होतो आणि तो लवकर निघत नाही.
८) दर चार-पाच वेळांनी टाकी बघा. टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.
९) नळीत सलग ऑइल दिसू लागलं, बुडबुडा नाही, की निपल बेताने घट्ट करा, टोपी बसवा, टाकी खुणेपर्यंत भरा. निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका.

*तपासणी*

गाडी चालू करून ब्रेक दाबून ठेवा, पेडल पूर्ण दाबा, थोडं थांबा, रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. मग रिकामी गाडी गावातच एक चक्कर फिरवा. लगेच माल भरू नका.

सकाळी पेडल परत मऊ झालं, तर एअर कुठून तरी शिरतेय. पेडलच्या मागे मास्टर, खाली स्लेव्हचं रबर आणि पाईपचे जोड ओले आहेत का बघा. बाहेर ओल नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तर मास्टर आतून गेलेला असू शकतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा एअर काढून उपयोग नाही, दुरुस्तीच करा. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम घरी करू नका.

*सर्वांत महत्त्वाचं:* अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते. ऑइल आपोआप कमी झालं तर नुसतं भरून निघू नका, गळती ब्रेकचीही असू शकते. *ब्रेक पेडल मऊ वाटलं तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.*

*जाता जाता*

– हे ऑइल विषारी आहे. मुलं आणि जनावरांपासून लांब ठेवा. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. जुनं ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.
– रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उडतो. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा.
– ऑइल काळपट झालं असेल तर सगळं बदला. साधारण दोन वर्षांनी बदलावं, पण गाडीच्या पुस्तकात दिलं असेल तेच धरा.

हे काम माल भरायच्या रात्री नको, आदल्या दिवशी उजेडात करा. अडचण आली तर नळीतल्या ऑइलचा फोटो आणि गाडीचं मॉडेल ग्रुपवर टाका.

– तुमचा कृषी सल्लागार